गाडी द्यावी की गाडीचं भाडं?

प्रश्न: मी ६२ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पत्नी ५८ वर्षांची. पेन्शन नाही, पण घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा मार्गी लागलेला. साठवण आमच्या वर्षाच्या घरखर्चाच्या २४ पट आहे. गेल्या वर्षी मोठा भाऊ आजारी असताना आठ-दहा स्वयंसेवकांचा एक गट रात्री साडेनऊला खालीवर होणारा पलंग घेऊन आला, जोडून दिला आणि एक पैसाही न घेता निघून गेला. गरजू रुग्णांना पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरायला देणं आणि तपासणीसाठी नेणं-आणणं हे त्यांचं काम. गाडी भाड्याने घेतात, महिन्याला साधारण ११ फेऱ्या होतात. स्ट्रेचर बसेल अशी नवी गाडी त्यांना घेऊन द्यावी असं मनात आहे. त्याला आमचा तीन वर्षांचा घरखर्च लागेल. अट एकच, माझा पैसा कुणाच्या पगारावर जाऊ नये. मुलगा म्हणतो, रक्कम ठेवीत ठेवा आणि व्याज देत राहा. पत्नीला आणि गटाला अजून सांगितलेलं नाही, एकदमच सांगीन म्हणतो. निर्णय बरोबर आहे ना?

उत्तर: पैसा द्यावा, पण गाडी घेऊ नये असं माझं मत आहे. आणि तुमची ती एकच अट मात्र मला उलटी करून हवी आहे. पण त्याआधी पत्राचा शेवट. पत्नीला सांगायचं राहिलंय हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी तिथेच थांबलो. दानाच्या बाबतीत घराघरांत जे वाद होतात, ते रकमेवरून क्वचितच होतात. ‘मला विचारलं नाहीस’ यावरून होतात. त्यात ही साठवण तुमच्यापेक्षा त्यांना जास्त वर्षं पुरवायची आहे. त्या ५८ च्या आहेत, म्हणजे हिशेब किमान ३० वर्षांचा धरायला हवा. तेव्हा हे उत्तर आधी दोघांनी मिळून वाचा.

आता साठवण. २४ पट म्हणजे दरवर्षी तुम्ही साठवणीतून चार टक्क्यांपेक्षा किंचित जास्त काढता. बिल बेन्गन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासून दाखवलं होतं की, पहिल्या वर्षी चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली तरी पैसा किमान ३० वर्षं टिकला. हा अमेरिकेचा इतिहास आहे, सगळीकडे तसाच्या तसा लागू करता येत नाही, पण मोजपट्टी म्हणून कामाला येतो. तुम्ही आज काठावर आहात. तीन वर्षांचा खर्च एकदम काढलात तर मागे २१ पट राहते आणि वर्षाची उचल पावणेपाच टक्क्यांवर जाते. त्याने घर लगेच बुडत नाही, पण पहिल्या चार-पाच वर्षांत बाजार पडला किंवा घरात मोठं आजारपण आलं, तर हात आखडावा लागेल तो घरखर्चात. शिवाय गाडी एकदा दिली की परत मागता येत नाही. एकच वर्षाचा खर्च दिलात तर उचल साडेचारच्या आत राहते. तेवढं मी मान्य करीन.

गाडीचा हिशेब तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरूनच करू. गाडीच्या किमतीत भाड्याच्या साधारण ७०० फेऱ्या होतात. महिन्याला ११ म्हणजे वर्षाला १३२. ज्या रकमेत एक गाडी येते, त्यात आजच्या गतीने पाच वर्षांहून जास्त काळ सगळ्या फेऱ्या होतील, तेही दुसऱ्याच्या गाडीने, दुसऱ्याच्या चालकाने, दुसऱ्याच्या विम्यावर. स्वतःच्या गाडीला चालक लागेल. त्याचा महिन्याचा पगार तुमच्याच आकड्याप्रमाणे दहा फेऱ्यांच्या भाड्याएवढा आहे. आजचं सगळं भाडं मिळून ११ फेऱ्यांचं! म्हणजे गाडी फुकट मिळाली तरी इंधन, विमा, टायर, सर्व्हिसिंग धरून गटाचा महिन्याचा खर्च आजच्यापेक्षा वाढतो. भेट तुम्ही देणार आणि तिचं बिल त्यांना दर महिन्याला येणार.

‘गटातलाच एक जण चालवेल’ असंही तुम्ही लिहिलंय. चालवेल, सुरुवातीचे काही महिने. मग त्याची नोकरीची वेळ बदलेल, किंवा त्याच्याच घरी कुणी आजारी पडेल. त्या दिवशी रुग्ण दारात तयार, गाडी उभी आणि किल्ली कुणाच्या खिशात ते कुणालाच माहीत नाही.

वस्तू दान करण्याबद्दल मी थोडा कडवट आहे, हे कबूल करतो. अशाच एका छोट्या गटाचा मी काही वर्षं खजिनदार होतो. एका दात्याने तीन कॉन्सन्ट्रेटर दिले, नवे कोरे. फोटो निघाले. कॉन्सन्ट्रेटरमध्ये जिओलाइट या खनिजाचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. यंत्र नुसतं पडून राहिलं की हे दाणे दमट हवेतली ओल पितात आणि त्यांची पकड जाते. हवा आत घेणारी जाळी वेळोवेळी धुवावी लागते, महिन्यातून काही तास तरी यंत्र चालवावं लागतं. हे करायला आमच्याकडे ठरलेलं माणूस नव्हतं, कारण पगार द्यायचा नाही असा आमचाही बाणा होता. तीनपैकी दोन यंत्रं कपाटाच्या मागे चादरीखाली राहिली. एका रात्री फोन आला म्हणून चादर काढली, बटण दाबलं, यंत्र घरघरलं, आणि ऑक्सिजन मोजणारं उपकरण लावल्यावर कळलं की बाहेर येतेय ती जवळपास साधी हवाच. त्या घराला मी काय सांगितलं ते आठवायलाही नको वाटतं. दात्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. वह्या माझ्याकडे होत्या आणि दुरुस्तीच्या रकान्यात एकही आकडा नाही हे मला दिसत होतं.

म्हणूनच तुम्ही गटाच्या नोंदवहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत ते मी बराच वेळ बघत बसलो. तुमच्या लांबलचक पत्रापेक्षा ती पानं जास्त बोलतात, राग मानू नका. ३८ नोंदी आहेत. वस्तू, घेणाऱ्याचं नाव, तारीख, परत. ‘परत’च्या रकान्यात नऊ जागा रिकाम्या आहेत आणि त्या सगळ्या सहा महिन्यांपेक्षा जुन्या. त्यातले पाच पलंग. वॉकर परत येतात, कारण ते एका हाताने उचलता येतात. पलंग परत करायचा तर तो खोलायचा, जिन्यावरून उतरवायचा, आणि ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात हे कोण करणार? तो तिथेच राहतो, त्यावर कपड्यांच्या घड्या चढतात. त्या गटाला नवे पाच पलंग विकत घ्यायची गरज नाही, आहेत ते पाच परत आणायची आहे. त्यासाठी हवा रोज दोन तास फोन करणारा आणि पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन जाणारा एक माणूस. आणि त्या माणसाला पगार लागेल.

तर तुमच्या अटीकडे वळतो. ‘माझा प्रत्येक पैसा गरजूपर्यंत पोचावा’ ही भावना मला कळते. पण पोचवणाराच नसेल तर पोचणार कसा? संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या तीन अमेरिकन संस्थांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, २०१३ मध्ये दात्यांना उद्देशून एक जाहीर पत्र काढलं. व्यवस्थापनावर किती टक्के खर्च होतो एवढ्यावरून संस्थेची पारख करू नका, असा त्याचा आशय होता. हा मापदंड रूढ करण्यात अशा मूल्यमापनाचाही हात होता, त्यामुळे ते पत्र म्हणजे एका अर्थी कबुलीजबाबच. २०१५ मध्ये सहा देशांतल्या अतिगरीब कुटुंबांवरचा एक मोठा अभ्यास ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आला. त्या कार्यक्रमात जनावरासारखं कमाईचं साधन नुसतं हातात ठेवलं नव्हतं. काही काळ खर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि साधारण दोन वर्षं घरी येऊन विचारपूस करणारा माणूस असं सगळं एकत्र दिलं होतं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेली दिसत होती. आता त्यातून घरी येणाऱ्या माणसाचा पगार ‘वायफळ’ म्हणून वगळा आणि काय उरतं ते बघा.

गटाला न विचारता गाडी दारात उभी करायचा बेत तर सोडूनच द्या. २००६ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या शाळांसाठी ‘प्लेपंप’ची मोठी हवा झाली. मुलांनी चक्र फिरवायचं आणि त्यावर पाणी उपसलं जायचं, कल्पना ऐकताक्षणी आवडावी अशी. अमेरिकन सरकार आणि देणगीदारांनी मोठा पैसा जाहीर केला. पुढे एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरवलेलं पाणी मिळवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. अनेक ठिकाणी ते चक्र शेवटी बायकाच ढकलत होत्या, आणि त्यांचा आधीचा साधा हातपंप काढून टाकलेला होता. याच्या उलट उदाहरण १९७६ चं. बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आधी यादी करवली, कोण सावकाराचं किती देणं लागतो याची. ४२ जणांची नावं निघाली आणि सगळ्यांची गरज मिळून फक्त २७ डॉलर. ते त्यांनी खिशातून कर्जाऊ दिले, आणि त्यातूनच पुढे गरिबांना छोटी कर्जं देण्याची, म्हणजे सूक्ष्मकर्जाची, चळवळ उभी राहिली. तिचं पुढे काय झालं यावर वाद आहेत, कर्जाने गरिबी हटते असा दावा मीही करणार नाही, पण आधी यादी आणि मग पैसा हा क्रम मात्र घेण्यासारखा आहे.

मुलाच्या सूचनेबद्दल. ठेव ठेवून उत्पन्न देणं म्हणजे मुद्दल हातात राहतं, आणि तुमच्या बाबतीत ती लहान गोष्ट नाही. पण ७०० फेऱ्यांएवढ्या रकमेतून दरवर्षी चार टक्के काढले तर २८ फेऱ्या होतात. गरज १३२ ची. सगळं व्याज वाटून टाकलंत आणि महागाई सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांत त्या मुद्दलाची खरेदीची ताकद अर्धी होईल. रुग्णाला तर नेणं-आणणं या आठवड्यात हवंय. मुलगा तुमच्या बाजूने बरोबर आहे, गटाच्या बाजूने नाही.

म्हणून मी असं करीन. गटाला देण्यासाठी एका वर्षाच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळी काढायची आणि ती तीन वर्षांत द्यायची. हिशेबाने वर्षाला साधारण ७८ फेऱ्यांचं भाडं होतं, म्हणजे आजच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. फेऱ्यांवरच खर्च करा असं मात्र लिहून देऊ नका. रकमेचा एक तृतीयांश भाग फोन करणाऱ्या माणसावर आणि दुरुस्तीवर गेला तर मला आनंद होईल, पण ते बोलण्यातून सुचवा, अट घालू नका. दर वर्षाचा हप्ता कोणत्या महिन्यात येईल आणि शेवटचा कोणता, हे मात्र लेखी द्या. छोट्या गटांना रकमेइतकंच तारखेचं महत्त्व असतं, त्याशिवाय ते कुणाला कामावर ठेवूच शकत नाहीत. आणि त्यांच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त भार एकट्या तुमच्यावर आला तर हप्ता लहान करा. तुम्ही थांबाल त्या दिवशी काम थांबू नये.

उरलेल्या दोन वर्षांच्या खर्चाएवढी रक्कम साठवणीतच राहू द्या. तुम्हा दोघांच्या पश्चात ती, किंवा जी उरेल ती, या कामाला जावी असं मृत्युपत्रात लिहिता येतं. आणि मत बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं. गाडीचं तसं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: गटाची नोंदणी आहे का, बँक खातं गटाच्या नावावर आणि दोन सह्यांचं आहे का, पावती मिळते का. खातं एका स्वयंसेवकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर तो कितीही सज्जन असो, आधी खातं बदलून घ्या. पहिला हप्ता त्यानंतर. करसवलत मिळेल की नाही ते तुमच्याकडच्या नियमांवर आणि नोंदणीच्या प्रकारावर ठरेल. मिळाली तर वरकड समजा, तिच्यासाठी रक्कम वाढवू नका.

गाडीला मी कायमचा नकार देत नाहीये. गाडी दहा वर्षं चालेल, इंधन भाड्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं लागेल आणि विमा-सर्व्हिसिंग मिळून महिन्याला दोन फेऱ्यांएवढं जाईल असं धरलं, तर महिन्याला साधारण २४ फेऱ्या झाल्यावर स्वतःची गाडी भाड्याच्या बरोबरीला येते. रात्री-अपरात्री भाड्याची गाडी मिळतच नसेल तर त्याआधीही विचार करता येईल, आणि तेव्हाही आधी वापरलेली गाडी बघू. त्यासाठी गटाला वहीत आणखी एक रकाना आखायला सांगा: फेरी मागितली कधी आणि गाडी आली कधी. वर्षभराची ती पानं मला पाठवा. आणि पत्नी काय म्हणाल्या तेही कळवा.