अ‍ॅन्सिबलमध्ये (अनेक सर्व्हरांची मांडणी एकत्र करणाऱ्या साधनात) ग्रुप व्हार्समधली, म्हणजे सर्व्हरांच्या गटासाठी लिहिलेली, किंमत घेतली जात नाही, -ई (आज्ञा देतानाच किंमत देण्याचा पर्याय) दिले की घेतली जाते. मग सगळीकडे -ईच वापरावे का?

लक्षणांवरून पाहता ती किंमत रोलच्या (पुन्हा वापरता येणाऱ्या टास्कांच्या संचाच्या) डिफॉल्ट्समध्ये, म्हणजे सहज बदलता येणाऱ्या मूळ किंमतींत, नसून रोलच्या व्हार्समध्ये लिहिलेली असावी. रोलचे व्हार्स ग्रुप व्हार्स आणि होस्ट व्हार्स या दोहोंना मागे टाकतात. कोणती किंमत कोणत्या किंमतीला मागे टाकते याच्या अधिकृत दस्तऐवजात 22 पायऱ्या दिल्या आहेत, पण त्या पाठ करण्यात अर्थ नाही. व्यवहारात खाली रोलचे डिफॉल्ट्स, त्यावर गट, मग होस्ट (एकेक यंत्र), मग प्ले (कोणत्या यंत्रांवर काय करायचे ते सांगणारा भाग), मग रोलचे व्हार्स, टास्क (एकेक काम), सेट फॅक्ट (चालू फेरीत ठरवलेली किंमत) आणि सर्वांच्या डोक्यावर -ई, एवढे पुरते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला झोंबला, कारण सगळीकडे -ई लावावे असे म्हणणाऱ्या एका वरिष्ठ सहकाऱ्याशी माझा प्रदीर्घ वाद झाला होता. आमचे सर्व्हर मुंबई आणि पुणे अशा दोन ठिकाणी होते. प्रत्येक सर्व्हर एका शहराच्या गटात आणि शिवाय ‘प्रॉड’ गटात होता. डेटाबेसच्या कनेक्शनांची कमाल मर्यादा प्रॉडच्या फाइलीत योग्य लिहिलेली होती, परंतु चाचणीच्या काळातली तुटपुंजी मर्यादा दोन्ही शहरांच्या फाइलींतही राहून गेली होती. मुंबईत सारे सुरळीत चालले आणि पुण्यात वर्दळ वाढताच कनेक्शन नाकारली जाऊ लागली. एकाच पातळीवरचे गट अ‍ॅन्सिबल नावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने एकत्र करते आणि शेवटी येणारा गट जिंकतो: एम हे अक्षर पीच्या आधी येते म्हणून मुंबईत प्रॉड जिंकला, आणि पी-आर हे पी-यूच्या आधी येते म्हणून पुण्यात पुणे जिंकले.

वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की अ‍ॅन्सिबल बेभरवशाचे आहे आणि मर्यादा जेन्किन्सच्या (आज्ञा आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या) जॉबमध्ये -ईने ठोकून द्यावी. माझे म्हणणे असे की एका किंमतीचे घर एकच असावे: शहरांच्या गटांत केवळ डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे) आणि एनटीपी (घड्याळ जुळवणे) यांसारख्या त्या जागेशी बांधलेल्या गोष्टी राहाव्यात आणि मर्यादा प्रॉडमध्येच असावी. पद त्यांचे मोठे असल्याने -ई लागले. पुढे तोच जॉब चाचणीच्या लहान यंत्रांवर चालवला गेला आणि प्रॉडची अवाढव्य मर्यादा त्यांच्यावरही बसली, कारण -ई गट पाहत नाही, होस्ट पाहत नाही. त्या फेरीतल्या प्रत्येक यंत्राला तीच किंमत मिळते. त्यानंतर माझी मांडणी मुकाट्याने स्वीकारली गेली, माझे नाव न घेता.

तेव्हा तुम्हीही बदलता येण्याजोगी किंमत रोलच्या डिफॉल्ट्समध्ये हलवा. गटांची टक्कर टाळताच येत नसेल तर अ‍ॅन्सिबल ग्रुप प्रायॉरिटी हे व्हेरिएबल आहे, पण ते इन्व्हेंटरीतच (सर्व्हर आणि गटांच्या यादीतच) लिहावे लागते, ग्रुप व्हार्समध्ये लिहून उपयोग नाही. तपासणीसाठी अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरीला होस्टचे नाव द्या. मात्र ती आज्ञा इन्व्हेंटरीच्या बाजूचेच चित्र दाखवते, त्यामुळे रोलमधली किंमत पाहण्यासाठी प्लेमध्ये डीबगचा (किंमत छापून दाखवणारा) टास्क घालावा लागेल.

-ई अगदीच वर्ज्य आहे असे नाही. एका फेरीपुरता रिलीजचा क्रमांक देण्यासाठी ते उत्तम आहे. फक्त ‘नाव=फॉल्स’ अशा रूपात दिलेली किंमत बुलियन (खरे-खोटे) नसून स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून पोहोचते, त्यामुळे तेथे जेसन (किंमतीचा प्रकार जपणारी लेखनपद्धत) वापरावे.