थिएटर ऑर्गन वाचवण्यात पोट भरेल का?

मिरजेच्या ताई, नमस्कार.

मुलगा बारावी झाला, दुकानात पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो आणि आता परदेशी चित्रपटगृहांतले पाइप ऑर्गन, म्हणजे पाइपांत हवा सोडून वाजणारे थिएटर ऑर्गन, वाचवायचे म्हणतो. यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या थिएटर ऑर्गनवर बहुतेकांचं भरत नाही. मूकपटांना संगीताची साथ द्यायला त्या काळात एकट्या वुर्लिट्झर कंपनीने दोन हजारांवर ऑर्गन बनवले. बोलपट आले आणि मागणी आटली. उरलेल्यांपैकी बरेच हौशी संस्था स्वयंसेवकांच्या जोरावर सांभाळतात. पगारी नोकरी ऑर्गन बांधणाऱ्या कारखान्यांत, आणि तिथलं बहुतेक काम चर्चच्या ऑर्गनचं.

काम काय असतं ते मुलाला आधी कळू द्या. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या पॅरामाउंट थिएटरातला १९३० चा, चार कीबोर्डांचा आणि पाइपांच्या २० संचांचा वुर्लिट्झर आधी फ्री ट्रेड हॉलमध्ये आणि तिथून स्टॉकपोर्टच्या टाउन हॉलमध्ये गेला. अशा हलवाहलवीत स्क्रू काढण्याआधी पाण्याच्या नळीने हवेचा दाब मोजतात, फोटो काढतात, प्रत्येक पाइपवर आणि तारेवर खूण करतात. एका संचात ६१ ते ९७ पाइप. खूण चुकली की महिने जातात. शिसं-कथलाचे पाइप मऊ असतात, आधाराशिवाय उभे ठेवले तर स्वतःच्याच वजनाने पायाशी दबतात.

खरा वेळ खातं ते चामडं. प्रत्येक सुराच्या झडपेमागे छोटा चामडी भाता असतो. तो फाटला की सूर मुका. झडपेत कचरा अडकला की सूर थांबतच नाही. नवं चामडं सरसानेच चिकटवायचं, म्हणजे पन्नास वर्षांनी वाफ देऊन सुटेल. पांढरा फेव्हिकॉल वापरणारा पुढच्या कारागिराच्या शिव्या खातो.

विजेचाही घोळ असतो. ऑर्गनला हवा पुरवणारी, अमेरिकेतली ६० हर्ट्झची ब्लोअर-मोटर ५० हर्ट्झवर लावली तर वेग सहाव्या हिश्श्याने घटतो आणि पाण्याच्या नळीवरचा दहा इंचांचा दाब साताच्या आसपास येतो. मग सूर आणि नाद दोन्ही बिघडतात; मोटर किंवा फ्रिक्वेन्सी, काहीतरी बदलावंच लागतं. शिवाय जुन्या पट्ट्या हस्तिदंती असतील तर सीमा ओलांडायला साइट्सचा (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागतो.

वाट जर्मनीतून सुचवेन. तिथे ऑर्गन बांधणीची साडेतीन वर्षांची उमेदवारी आहे: काम कारखान्यात, वर्ग लुडविग्सबुर्गच्या ऑस्कर वाल्कर शाळेत. विद्यावेतन मिळतं, पण राहण्याखाण्याला कमी पडू शकतं, ते आधी हिशोबात धरा. ही उमेदवारी झाल्यावर थिएटर ऑर्गनकडे वळता येईल.

आत्ता दोनच गोष्टी. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात किंवा ऑनलाइन जर्मन सुरू करा, किमान बी१ या मधल्या पातळीपर्यंत. आणि एका जुन्या पेटीचा भाता त्याला सरसाने नव्याने मढवू द्या. आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो ठेवा. कारखान्यांना अर्ज पाठवताना तेच जोडायचे आहेत.