चप्पल आतून झिजते

प्रश्न : मी ४७ वर्षांची, शाळेत शिक्षिका. नाशिकच्या सिडकोत राहते. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या मारते. दोन महिन्यांपासून उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतंय. चप्पल शिवणारे काका म्हणाले, "ताई, तुमचा पाय आत पडतो." बुटांच्या दुकानात ‘ओव्हरप्रोनेशन’ सांगून महागडे इनसोल दाखवले. घेऊ का? श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करायची आहे.

उत्तर : ताई, काकांची नजर पक्की आहे. पण पाय आत पडणं हा काही आजार नव्हे. टाच टेकली की सगळ्यांचंच पाऊल थोडं आत कलतं, त्यानेच धक्का जिरतो. ते जास्त कललं की ओव्हरप्रोनेशन. सपाट तळव्यांची कितीतरी माणसं जन्मभर तक्रारीविना चालतात. (ओल्या पायाचा ठसा शहाबादी फरशीवर बघत बसू नका. उभ्या पायाचा ठसा चालणं काय सांगणार?)

मला खटकला तो ‘उजवा’. जन्मजात सपाट तळवे बहुधा दोन्ही असतात. चाळिशीनंतर एकाच पायाची कमान बसायला लागली, तर घोट्याच्या आतल्या हाडामागून जाणारी, कमान तोलून धरणारी टिबियालिस पोस्टीरियर स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) थकली असण्याची शंका येते. आजच भिंतीला हात टेकून एकट्या उजव्या पायाच्या चवड्यावर उभ्या राहून बघा. टाच उचललीच जात नसेल किंवा हाडामागे सूज असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असेल तरीही.

टाच नीट उचलली गेली, तर दोन्ही चवड्यांवर सावकाश दहादा वर-खाली, रोज दोनदा. दात घासताना बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढून कमान उचला, पाच सेकंद धरा. पोटरी आखडली की पाऊल आणखी आत पडतं, म्हणून भिंतीला रेटून तीही ताणा. फरक पडायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर फेऱ्या दोनच, आणि वर्गात सपाट सपाता नकोत.

इनसोल साधा, तयार मिळतो तो आधी वापरून बघा. बूट मात्र बघून घ्या : टॉवेलसारखा पिळला जातो तो तुमच्या कामाचा नाही.

राहिली फेरी. लहान म्हटली तरी वीसेक किलोमीटर, त्यात चिखल आणि दगड. तोवर एका पायावर टाच दहादा उचलता आली तर जा, पण अनवाणी नको. नाही जमलं तर यंदा मैत्रिणींबरोबर कुशावर्त कुंडापर्यंतच जा आणि त्या परतेपर्यंत त्र्यंबकातच थांबा.