इंग्लंडला निघण्याआधी सांगलीतच रन शीट लिहायला लाग

तू विचारलंयस: दादा, सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (पोरांनी स्वतः रेसची गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये सस्पेन्शन बघतो, पुढं क्रॅनफिल्ड नाहीतर ऑक्सफर्ड ब्रूक्सला मोटरस्पोर्टचं एम.एस्सी. करायचंय. तोवर कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

सॉफ्टवेअर तिकडं गेल्यावरही येतं. तोंडी कामाची सवय मात्र आताच मोड. मोठ्या टीममध्ये ड्रॉइंग काढणारा, गाडीला पाना लावणारा आणि डेटा बघणारा ही वेगवेगळी माणसं असतात. लिहून न ठेवलेलं काम पुढच्या माणसाच्या लेखी झालेलंच नसतं.

रन शीटपासून, म्हणजे गाडीच्या ट्रॅकवरच्या प्रत्येक फेरीच्या नोंदीच्या कागदापासून, सुरुवात कर. गाडी बाहेर पडली की एक ओळ: रन नंबर, वेळ, लॅप, आधीचं-नंतरचं पेट्रोल, टायर सेटचा नंबर, थंड आणि गरम प्रेशर, हवेचं आणि ट्रॅकचं तापमान, काय बदललं. एका रनला एकच बदल. तापमानाचा रकाना पोरं हमखास रिकामा सोडतात आणि घोळ तिथंच होतो. सकाळी 20 अंशाला 1.2 बार भरलेला टायर, आतली हवा 80 अंशाला पोचली की साधारण 1.65 बार दाखवतो. तेच 1.2 बार दुपारी 35 अंशाला भरले तर तेवढ्याच 80 अंशाला प्रेशर 1.52 च्या आसपासच अडतं. ड्रायव्हर म्हणतो गाडी बदलली, आणि अख्खी टीम अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) मागं लागते. गेजही एकच वापरा.

ड्रॉइंगचं तसंच. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘नवीन फायनल’ अशा फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात आणि कुपवाड एमआयडीसीतला टर्नर हाताला लागेल ती कापतो. पार्ट नंबरपुढं रिव्हिजनचं अक्षर लावा, तेच तयार पार्टवर कोरा, जुन्या प्रिंट परत आणून फाडा. फॉर्म्युला वनला 2021पासून खर्चाची मर्यादा आहे. वाया गेलेला पार्टही त्याच हिशेबात धरला जातो.

बोल्ट आवळणारा एक, तपासणारा दुसरा, सह्या दोघांच्या. टॉर्क लावून (ठरल्या जोरानं आवळून) झाल्यावरच नट आणि ब्रॅकेटवरून पेंट मार्करची एक सलग रेघ ओढायची. पुढच्या तपासणीत रेघ सरकलेली दिसली, तर नट फिरलाय. काम अर्धवट टाकून उठायचं असेल तर स्टिअरिंगला लाल चिठ्ठी बांधायची.

रन संपल्यावर ड्रायव्हरला आधी बोलू द्या, ग्राफ नंतर उघडा. ग्राफ समोर असला की तो त्यातलंच सांगायला लागतो. उठताना प्रत्येक कामापुढं एकाच माणसाचं नाव हवं. ‘बघू आपण’ म्हटलेलं काम कुणीच करत नाही.

तिकडं चीफ इंजिनिअरलाही सरळ नावानं हाक मारतात, आणि नट राहिल्याची नुसती शंका आली तरी लगेच बोलायची अपेक्षा असते. आपल्याकडं सिनिअरपुढं पोरं गप्प बसतात. तुमच्या टीममध्ये आजच ठरवा: फर्स्ट इयरच्या पोरानं हात वर केला तरी गाडी थांबणार, का ते नंतर विचारायचं.