प्रवासात लागणारे अनेकार्थी इंग्रजी शब्द कसे शिकावेत?

प्रथमच परदेशी जाताना ‘बोर्ड’, ‘चेंज’, ‘कोच’ अशा शब्दांचे निरनिराळे अर्थ कसे लक्षात ठेवावेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शब्दकोशातील अर्थ क्रमाने पाठ करण्यात फारसा लाभ नाही. शब्द कोठे, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो, हे टिपून ठेवावे.

‘चेंज’ हा शब्दच घ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘चेंज हिअर’ अशी सूचना झाली, तर येथे उतरून दुसऱ्या मार्गाची गाडी पकडता येते, असा तिचा अर्थ असतो. अमेरिकेतील अनेक शहरांच्या बसमध्ये ‘एक्झॅक्ट चेंज’ लिहिलेले असते, तेथे तिकिटाइतकेच सुटे पैसे हाती ठेवावेत, कारण उरलेली रक्कम परत मिळत नाही. (लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख रक्कम घेतलीच जात नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.) विमान कंपनीची ‘चेंज फी’ म्हणजे काढलेल्या तिकिटाची तारीख किंवा वेळ बदलण्याचे शुल्क.

‘बोर्ड’चा एक अर्थ आपल्या महामार्गांवरच लिहिलेला आहे. ‘लॉजिंग-बोर्डिंग’ या पाटीतील दोन्ही शब्दांचा अर्थ मुक्काम असाच अनेकांना वाटतो. वस्तुतः लॉजिंग म्हणजे राहणे आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. हे एकदा ध्यानात आले की परदेशी हॉटेलच्या दरपत्रकातील ‘हाफ बोर्ड’, म्हणजे सकाळची न्याहारी आणि बहुधा रात्रीचे जेवण, याचा विमानात चढण्याच्या ‘बोर्डिंग’शी घोळ होत नाही.

आपले रेल्वेतील इंग्रजी परदेशात कधी उपयोगी पडते, तर कधी चकवते. आपल्याकडे कोच म्हणजे गाडीचा डबा. ब्रिटनमध्ये मात्र लांब पल्ल्याच्या बसलाही कोच म्हणतात, आणि लंडनचे व्हिक्टोरिया कोच स्टेशन हे व्हिक्टोरिया रेल्वे स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावरील स्वतंत्र बसस्थानक आहे. अमेरिकी विमान प्रवासात ‘कोच’ म्हणजे इकॉनॉमी वर्ग. ‘सबवे’ हा मुंबईकरांसाठी रस्त्याखालून जाणारा पादचारी मार्ग, ब्रिटनमध्येही तसाच, परंतु न्यूयॉर्कमध्ये ती चक्क भुयारी रेल्वे. ‘फास्ट’च्या बाबतीत लोकलचा प्रवासी निश्चिंत राहू शकतो, कारण ब्रिटिश रेल्वेतही मधली स्थानके गाळून जाणाऱ्या गाडीसाठी तो शब्द वापरतात.

सर्वाधिक काळजी ‘डायरेक्ट’ या शब्दाबाबत घ्यावी, कारण तिकीट काढल्यानंतर उलगडा झाला तर उपयोग नसतो. विमानाच्या संदर्भात ‘डायरेक्ट’ म्हणजे एकाच क्रमांकाचे उड्डाण. ते वाटेत एखाद्या विमानतळावर थांबूही शकते. कोठेही न थांबणाऱ्या उड्डाणाला ‘नॉनस्टॉप’ म्हणतात. प्रवासी मात्र हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, म्हणून थांब्यांची संख्या तिकीट काढण्यापूर्वीच पाहावी.

मी स्वतः अशा शब्दांची वही वर्णानुक्रमे न ठेवता विमानतळ, रेल्वे, बस, हॉटेल आणि उपाहारगृह अशा ठिकाणांनुसार ठेवतो आणि प्रत्येक शब्द संपूर्ण वाक्यात लिहितो. ‘चेक’ हा शब्द हॉटेलच्या पानावर ‘चेक-इन’मध्ये येतो, तर उपाहारगृहाच्या पानावर अमेरिकेतील बिल या अर्थाने. एवढे करूनही संभ्रम राहिला, तर खिडकीवरील कर्मचाऱ्याला नुसता एक शब्द न उच्चारता पूर्ण प्रश्न विचारावा: ‘डू आय हॅव टू चेंज ट्रेन्स?’