पावसाळी मासेमारी बंदीत होडीमागचं आउटबोर्ड मशीन दोन महिने बंद राहणार आहे, काय करून ठेवावं?

तुमचं ९.९ एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. परदेशी व्हिडिओंतली अँटिफ्रीझची भानगड विसरा, ती बर्फाच्या मुलखातली. कोकणात १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत मशीन खातं ते आत राहिलेलं मीठ आणि दमट हवा.

पंखा (प्रोपेलर) काढा आणि मशीन स्टँडला लावून गोड्या पाण्याच्या पिंपात उतरवा. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर हवं, नाहीतर इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारी आतली रबरी चकती, कोरडा फिरून जळतो. न्यूट्रलमध्ये, कमी वेगावर १०-१५ मिनिटं चालवा. मागून पडणारी त्या पाण्याची धार बारीक पडली तर भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) घालून मीठ मोकळं करा. रॉकेलवर चालवत असाल तर शेवटची पाच मिनिटं पेट्रोलवर.

आता खरी मेख. नळी काढून पेट्रोल संपेपर्यंत चालवतात आणि तसंच ठेवून देतात. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. ते संपता संपता आतली बेअरिंग उघडी पडतात आणि गंजतात. म्हणून मशीन अडखळायला लागलं की कार्बोरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइल (आतले भाग गंजू नयेत म्हणून फवारायचं तेल) मारा, धूर ओकत बंद पडू द्या. मग कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, चोंदतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतो तेच टू-स्ट्रोकचं तेल) घाला, किल स्विचची क्लिप काढून दोरी चार-पाचदा सावकाश ओढा, प्लग परत बसवा.

गिअर ऑइल आत्ताच बदला, ऑगस्टवर ढकलू नका. जुनं दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. बहुतेकदा पंख्यामागे तंगूस गुंडाळलेलं सापडतं. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत भरा. आधी वरचा स्क्रू, मग खालचा, वॉशर नवे. पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावा.

मशीन उभंच ठेवा. आडवं टाकून डोकं खाली गेलं तर एग्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर पुरे. उंदीर वायरी कुरतडतात, तेवढं बघा.

ऑगस्टमध्ये पहिली काही मिनिटं निळा धूर येईल, तो त्या ऑइलचाच. प्लग भिजून काळे पडले तर बदला.