भाकरी चिरते, फुगत नाही

प्रश्न : ज्वारीची भाकरी थापताना कडा चिरतात आणि फुगतही नाही. पीठ दोन महिन्यांपूर्वी दळलेलं आहे.

उत्तर : मुख्य दोष पिठाचा आहे. जुन्या पिठाची 'वसी' जाते, म्हणजे चिकटपणा राहत नाही. दळण दहा-पंधरा दिवसांपुरतंच आणा. सध्याच्या पिठासाठी उकड काढा : एक वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी, चमच्याने हलवून पाच मिनिटं झाका. ज्वारीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारा घटक) नसतं, गरम पाण्याने फुललेला स्टार्चच पीठ धरून ठेवतो. मग तळहाताच्या टाचेने चांगलं मळा. मळणं कमी पडलं की कडा चिरतात. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि लगेच पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, पण ओलसर चमक आहे, तेवढ्यात उलटा. पूर्ण सुकू दिलंत तर पापुद्रा तडकतो, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही.

प्रश्न : नव्या रेस्तराँमधली 'मिलेट रोटी', म्हणजे ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्याची रोटी, मधुमेहींना चालेल का?

उत्तर : आधी विचारा, गहू किंवा मैदा किती मिसळलाय? तुकडा तोडून पाहा : निव्वळ ज्वारीचा लगेच तुटतो, ताणला जात असेल तर मिश्रण आहे. आणि निव्वळ ज्वारी असली तरी त्यात पिष्ट (स्टार्च) असतंच, म्हणून एकच घ्या. सोबत काजूची ग्रेव्ही नको. साधं वरण मागवा, फोडणी कमी तेलात करायला सांगा.